काचेवर राहिलेलं पान

माझ्या दुकानात माणसं छत्री विसरत नाहीत, पिशवी विसरत नाहीत, ओरिजिनल मात्र हमखास विसरतात. झेरॉक्स हातात पडली की त्यांना वाटतं, झालं काम. मूळ कागद मशीनच्या झाकणाखाली काचेवर पालथा पडलेला असतो. चौदा वर्षं मी ओरडतेय, "ओरिजिनल घेतलं का?" पण पालथ्या घड्यावर पाणी. एकदा एका वकिलाने स्वतःच्या घटस्फोटाचा कागद तसाच ठेवला आणि पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना वीजबिलाऐवजी त्याच्याच दोन प्रती निघाल्या. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, आमचं तसं बरं चाललंय हो."

हे सांगायचं कारण, याच खोडीमुळे माझी धाकटी जाऊ वाचली. लोक म्हणतात मी वाचवली. सुरुवातीला मीही मान डोलवायचे. पण तिला त्या खड्ड्याच्या काठापर्यंत नेणारीही मीच होते. ते आधी सांगते, नाहीतर गोष्ट माझ्याच कौतुकाची व्हायची.

दुकानासमोर मोज्यांचा कारखाना होता. धाकटी तिथे जोडी खात्यात होती. मशीनवरून मोजे सुटे येतात, त्यांच्या जोड्या लावायच्या. ऐकायला पोरखेळ वाटतो. मोजा मोज्यावर ठेवायचा, टाचेवर टाच, बोटांवर बोटं, आणि उजेडाकडे धरायचा. एक पट्टी खाली-वर दिसली की बाजूला. दिवसाला दोन हजार जोड्या, आणि महिन्यात एखादीसुद्धा परत यायची नाही. माझा दीर आजारपणात गेला, तेव्हा या कामाच्या जिवावर ती आणि तिची लेक चिमणी तगल्या. मग कारखानाच बंद पडला. फाटकाला कुलूप, आणि आत कोणी राहत असल्यासारखा एक दिवा तेवढा जळत राहिलेला.

आठ महिने तिने काय काय केलं ते मी पाहिलंय. आधी कानातलं गेलं, मग शिलाई मशीन, मग घरातला पंखा. मग ती वाटी घेऊन माझ्याकडे येऊ लागली, कधी पीठ, कधी तेल. माझी जीभ कशी आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. उचलली आणि लावली टाळ्याला. एका दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, मी म्हणून गेले, "दोन घरांच्या चुली माझ्या एका मशीनवर नाही गं पेटत!" तिने वाटी काउंटरवर ठेवली आणि गेली. ती वाटी अजून माझ्याकडे आहे. त्यानंतर ती काही मागायला आली नाही.

त्याच आठवड्यात तो आला. त्याचं नाव आम्ही नंतर गोडबोल्या ठेवलं, तेव्हा मात्र मीही त्याला साहेबच म्हणत होते. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, आणि प्रत्येक वाक्यात ताई. त्याला जाहिरात छापून हवी होती. परदेशातल्या मोज्यांच्या कारखान्यासाठी महिला कामगार पाहिजेत, अनुभवींना प्राधान्य, राहण्याची सोय. तीनशे प्रती. निघताना म्हणाला, "ताई, एक तुमच्या काचेवर लावा ना. तुमच्या दुकानावर दिसलं की माणसं विश्वास ठेवतात." मी फुगले. स्वतःच्या हाताने, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, ती जाहिरात काचेवर लावली. वाकडी लागली म्हणून काढून पुन्हा सरळ लावली.

धाकटीने ती तिथेच वाचली. जोडी खात्यातल्या अकरा जणींनी तिच्या मागोमाग वाचली.

तीन आठवड्यांत सगळं ठरलं. बारा जणी, शुक्रवारी सकाळची बस, मग विमान. पासपोर्ट निघाले, ते व्हिशासाठी म्हणून त्याने ठेवून घेतले. प्रत्येकीला तीन पानी कराराची प्रत दिली. चिमणी माझ्याकडे राहणार, हे धाकटीने मला विचारलं नाही, आमच्या ह्यांना विचारलं. मीही मान वर न करता हो म्हणाले. मनात म्हटलं, चला, तिचं मार्गी लागतंय. आणि खरं सांगू, माझ्या डोक्यावरचं ओझंही उतरतंय. असं वाटलं होतं मला. लाज वाटते, पण वाटलं होतं.

मंगळवारी गोडबोल्या घाईत आला. त्याच्या ऑफिसातलं मशीन बिघडलं होतं. हातात कागद, पण माझ्याकडे देईना. "ताई, जरा खाजगी आहे. मीच काढतो." माझ्या मशीनला मी नवऱ्यालाही हात लावू देत नाही. पण तीनशे प्रतींचं गिऱ्हाईक! मी लॅमिनेशन करत बसले, त्याने माझ्याकडे पाठ करून प्रत्येक कागदाच्या बारा-बारा प्रती काढल्या, मध्येच फोन वाजला, फोन कानाला लावून पैसे ठेवले आणि गेला. मी सवयीने ओरडले, "ओरिजिनल घेतलं का?" त्याने हात हलवला.

पुढचं गिऱ्हाईक रेशनकार्ड घेऊन आलं. झाकण उचललं तर काचेवर पान.

पान क्रमांक दोन. डावीकडे आपली भाषा, उजवीकडे तिकडची. मी सहसा लोकांचे कागद वाचत नाही. म्हणजे वाचते, पण सांगत नाही. हे वाचलं आणि पुन्हा वाचलं. नेमून दिलेल्या घरी, दुकानी किंवा अन्य ठिकाणी पडेल ते काम. एका मालकाकडून दुसऱ्याकडे पाठवण्याचा अधिकार एजंटाला. पासपोर्ट मालकाकडे जमा. प्रवासाचा खर्च पगारातून फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही. परवानगीशिवाय आवाराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. मोजा हा शब्द त्या पानावर कुठेच नव्हता.

रेशनकार्डवाला विचारत होता, "बाई, बरं नाही का वाटत?" मी त्याला म्हटलं, "उद्या या," आणि शटर ओढलं. भर दुपारी शटर ओढलेलं गल्लीने चौदा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

धाकटी खोलीत बॅग भरत होती. मी आत शिरले आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या टोकापासून सुरुवात केली. "अगं अक्कल गहाण टाकलीस का? तो तुला विकायला निघालाय!"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "झालं तुमचं बोलून, ताई?"

"आगीतून फुफाट्यात चाललीयस."

"मग आगीत काय आहे ते तरी सांगा ना." ती चिमणीचे कपडे वेगळ्या पिशवीत भरत होती, एक एक घडी घालून. "आठ महिन्यांत मी किती दारं वाजवली माहितीये तुम्हाला? दवाखाना, शाळा, बेकरी, दुकानं. सगळे म्हणाले, कळवतो. हा एकटा म्हणाला, ये. दगडापेक्षा वीट मऊ. तिथे कष्ट असतील तर असू देत. निदान वाटी घेऊन कुणाच्या दारात उभं राहायला लागणार नाही."

तो घाव बरोबर जिथे बसायचा तिथे बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी भांडण अर्धवट सोडलं. मग तिच्या उशाशी असलेला तिचा करार उचलला, त्यातलं दुसरं पान काढलं, माझ्याकडचं पान त्याच्यासोबत तिच्या हातात दिलं.

"मी काही बोलत नाही. तू जोडी लाव."

ती वैतागली. पण हाताला सवय असते. तिने पान पानावर ठेवलं, वरची कड वरच्या कडेला, कोपरा कोपऱ्याला, आणि खिडकीशी जाऊन उन्हाकडे धरलं. वर तोच शिक्का. खाली तोच आकडा, दोन. कलमं दोन्हीकडे पाच ते नऊ. मधल्या ओळी मात्र एकमेकींवर चढल्या होत्या, कुठे दाट, कुठे विरळ. तिचं बोट ओळीवरून फिरत गेलं. एका पानावर पासपोर्ट कामगाराकडे राहील, दुसऱ्यावर मालकाकडे. एकावर आठवड्याची सुट्टी, दुसऱ्यावर त्या जागी आवाराबाहेर जायची बंदी.

"सही कुठल्या पानावर केलीस?" मी विचारलं.

"तिसऱ्या." तिने उरलेला करार उलगडला. "सगळ्यांनी तिसऱ्याच पानावर केली. कलम दहापासून." मग म्हणाली, "म्हणजे आधीची दोन पानं काढायची, ही लावायची, पिन मारायची. सही आमचीच."

ती खाली बसली. "चुकीची जोडी लागली की सुपरवायझर म्हणायच्या, डोळे घरी ठेवून आलीस का गं? यावेळी ठेवूनच गेले होते मी."

"डोळे नाही, पोट होतं रिकामं," मी म्हटलं. "आणि त्या वाटीचं मी जे बोलले..."

"ते आत्ता नको, ताई. रडू येईल, आणि कागद भिजेल." तिने दोन्ही पानं माझ्या हातात दिली. "पासपोर्ट त्याच्याकडे आहेत. बाराही. उद्या व्हिशाचं पान झेरॉक्स करायला तुमच्याकडेच आणणार आहे, म्हणाला होता."

इतक्यात माझा फोन वाजला. गोडबोल्याच. "ताई, माझा एक कागद राहिला का तिथे?" माझी पाचावर धारण बसली, पण तोंडाने वर्षानुवर्षांची सवय मोडली नाही. मी म्हटलं, "साहेब, गल्लीभर लोक कागद विसरतात, पण तुमचा काही नाही दिसला. बघून ठेवते. उद्या येताय ना?" येतो म्हणाला.

बुधवारी दहाला आम्ही दोघी मजूर कार्यालयात गेलो. तिथल्या मॅडम माझ्या जुन्या गिऱ्हाईक, दर आठवड्याला फायली घेऊन येतात आणि दर आठवड्याला ओरिजिनल विसरतात. त्यांनी पान वाचलं, यादी काढली, गोडबोल्याचं नाव परवानाधारक एजंटांच्या यादीत शोधलं. नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. "या माणसाने आधी कुणाला पाठवलंय का, ते शोधावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण आधी पासपोर्ट. पासपोर्ट जिचा तिच्या हातात हवा. एजंटाचा त्यावर काडीचा हक्क नाही. मी पोलिसांना घेऊन येते, पण वेळ लागेल. तोवर ते पासपोर्ट दुकानाबाहेर जाऊ देऊ नका." मी म्हटलं, "माझ्या दुकानातून काही बाहेर जात नाही हो, उधारीवर तर कपटासुद्धा नाही." त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

तिथून धाकटी खात्यातल्या बाकीच्या जणींना गाठायला गेली आणि मी दुकान उघडलं. गोडबोल्या बाराला आला. रबर बँड लावलेला पासपोर्टांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. माझा बेत होता की मशीन तापतंय, तासाभराने या म्हणायचं. म्हटलंही. तो खुर्ची ओढून बसला. "बसतो की ताई. तुमच्या दुकानात गार वाटतं."

झालं. मी मशीन पुसलं. कागदाचा ट्रे काढला, घातला, पुन्हा काढला. रबर बँड सोडला. वरचाच पासपोर्ट धाकटीचा निघाला. फोटोत ती अशी बघत होती की जणू फोटोवाल्यानेही तिला कळवतो म्हटलं होतं.

दारात सावली पडली. धाकटी आत आली. तिच्या मागे दुसरी, तिसरी. जोडी खातं एका ओळीत उभं राहतं, तशा बारा जणी पायरीपासून रस्त्यापर्यंत उभ्या राहिल्या. गोडबोल्या हसला. "अरे वा, सगळ्याच? फोटो काढायचाय का?"

मी पासपोर्ट उघडला आणि धाकटीकडे बघून म्हटलं, "हा कुणाचा?"

"माझा."

"घे."

तिने घेतला. तो उठला. "ताई, ते माझ्याकडे द्या. जबाबदारी माझी आहे."

"यावर फोटो तुमचा नाही, साहेब." मी पुढचा पासपोर्ट उचलला. "ओरिजिनल ज्याचं त्याला. माझ्या दुकानाचा नियम आहे. हा कुणाचा?"

दुसरी पुढे आली. मग तिसरी. त्याने गठ्ठ्यावर हात टाकला, तसं मी झाकण धाडकन आपटलं आणि तो दचकला. माझं मशीन जुनं आहे, आवाज बंदुकीसारखा येतो. नऊ पासपोर्ट वाटून झाले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ताई म्हणून आता काही व्हायचं नाही. त्याचा आवाज बदलला.

"ठीक आहे. मरा इथेच. तुमच्या जागी पन्नास जणी मिळतील मला. या दुकानदारणीचं काय जातंय? हिचं मशीन चालू आहे. तुमच्या पोरांना ही घालणार आहे का जेवायला?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या सगळ्या बोलण्यातलं तेवढंच खरं होतं. रांगेतली लांबडी, तिला आम्ही उंचीमुळे तसं म्हणतो, घरी तीन मुलं आणि अंथरुणाला खिळलेला सासरा, हातातला पासपोर्ट घेऊन एक पाऊल त्याच्याकडे सरकली. "मला न्या साहेब," ती हळूच म्हणाली. "मी येते. मला काहीही काम चालेल."

त्याने हात पुढे केला. मी तोंड उघडलं, पण धाकटीने मला डोळ्यांनी गप्प केलं. तिने काचेवरची जाहिरात ओढून काढली, मी काढून पुन्हा सरळ लावलेली. त्या जागी पिशवीतून काढलेली दोन्ही पानं एकावर एक धरली, बाहेरचं ऊन त्यांतून आत आलं.

"लांबडे, तू माझ्यापेक्षा जास्त वर्षं खात्यात होतीस," ती म्हणाली. "लाव जोडी. लागली तर जा. मी स्वतः तुझी बॅग उचलते."

लांबडी काचेशी वाकली. कितीतरी वेळ वाकूनच राहिली. मागच्या बायका पुढे सरकल्या, कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर. मग लांबडी सरळ झाली आणि पासपोर्ट छातीशी धरून रडायला लागली, मोठ्याने, रस्त्यावरची माणसं थांबतील इतक्या मोठ्याने. त्या गर्दीमुळेच गोडबोल्याला पायरी उतरता आली नाही. मॅडम पोलिसांना घेऊन पोचल्या, तेव्हा तो बारा बायका आणि बघ्यांच्या मध्ये उभा होता आणि सगळ्यांना ताई म्हणत होता.

हे सगळं झालं म्हणून कुणाची चूल पेटली नाही. गुरुवारी सकाळी धाकटीकडे पीठ तेवढंच होतं, जेवढं मंगळवारी होतं. मी तिची वाटी भरली आणि दार न वाजवता आत ठेवून आले. दुपारी ती दुकानात आली, वाटी परत न आणता. म्हणाली, "ताई, ते शब्द मी विसरणार नाही. पण पीठ घेते." मी म्हटलं, "विसरू नकोस. मीही नाही विसरत." असं आमचं मिटलं.

लांबडी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिचा राग मला कळत होता. मॅडमनी खटपट करून कारखान्याकडून अडकलेला दोन महिन्यांचा पगार बारा जणींना मिळवून दिला, चौघींना दवाखान्याच्या धुलाईघरात लावलं, त्यांत लांबडी एक. पहिल्या पगाराच्या दिवशी ती आली, मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या झेरॉक्स काढल्या आणि जाताना म्हणाली, "ओरिजिनल घेतलं हं." एवढंच. गोडबोल्यावर खटला चालू आहे. त्याने आधी पाठवलेल्या सहा जणींपैकी चौघी परत आल्या. दोघींचा शोध अजून चालू आहे. त्यांचे फोटो माझ्या काचेवर आहेत, जाहिरात होती त्याच जागी. मी रोज पुसते.

आणि धाकटी? ती माझ्या दुकानात बसू लागली. बाहेरगावी कामाला निघालेलं कुणीही करार घेऊन आलं की ती म्हणायची, दाखवायची प्रत आणि सहीची प्रत, दोन्ही आणा. मग काचेशी उजेडात धरायची. एका मिस्त्रीचं पान असंच निघालं, एका आयाबाईचंही. या तपासणीचे पैसे मी तिला लोकांकडून घेऊ देत नव्हते, आणि ती मागतही नव्हती, पण मशीनच्या कमाईत तिचा वाटा मी ठरवला होता. दोन घरांच्या चुली एका मशीनवर पेटत होत्या. तिखट-मीठ कमी पडायचं, पण पेटत होत्या.

म्हणून वर्षभराने ती म्हणाली, "ताई, मी जाणार," तेव्हा मी लाटण्यासारखी ताठ झाले. परदेशातलाच मोज्यांचा कारखाना, पण मजूर कार्यालयाच्या यादीतला. जोडी खातं. दोन वर्षं. तिथे आधीपासून काम करणाऱ्या बायकांशी ती तीनदा फोनवर बोलली होती, मॅडमशिवाय, एकटी.

"इथे काय कमी आहे?" मी म्हटलं.

"काही नाही. पण हे तुमचं मशीन आहे. मला माझ्या हाताचं काम हवंय. आणि चिमणीची शाळा पुढे नुसती जीभ चालवून नाही व्हायची."

"जीभ कुणाची म्हणतेस?"

"आपल्या दोघींची."

मी आठ दिवस भांडले. मग भांडणातला माझा मुद्दाच मला सापडेना. तिला जाऊ नको म्हणत होते ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, असं आमच्या ह्यांनी विचारलं, आणि त्या माणसाने वर्षातून एकदा विचारलेला प्रश्न नेमका लागला.

निघायच्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. चिमणी आता माझ्याकडे राहणार होती; ती समोर कारखान्याच्या फाटकाशी रिक्षा थांबवून उभी होती. धाकटीने कराराची तिन्ही पानं मांडली, दोन्ही प्रती, उजेडात धरल्या, प्रत्येक पान, माझ्यासमोर. लागली जोडी. मग म्हणाली, "पासपोर्टची एक प्रत तुमच्याकडे असू दे. मीच काढते."

मी बाजूला झाले. तिने झाकण उचललं, पासपोर्ट ठेवला, बटण दाबलं. प्रत काढून माझ्या हातात दिली. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "तिकडे मोजे नीट लाव, नाहीतर आपलं नाव खराब करशील." ती माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघी रडलो, आणि या वेळी भिजायला हातात कागद होता तरी कुणी पर्वा केली नाही. मग रिक्षाचा हॉर्न वाजू लागला आणि ती पळाली.

रिक्षा वळणावर गेली आणि मला एकदम आठवलं. चौदा वर्षांची, आता पंधरा, सवय. ओरडायचं राहिलं होतं. मी धावत आत आले, झाकण उचललं.

काच रिकामी होती.